खालून बघितलेली फरशी

"आणि गुडघे? ते इथेच ठेवून जाणार आहात का?" बायकोनं विचारलं, आणि भांडण तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू झालं.

बाहेरच्या खोलीत कोब्यावर दोन मोठ्या पाठपिशव्या आडव्या पडल्या होत्या. एक लेकीची, बरीच वापरलेली. दुसरी कोरी करकरीत, अजून तिच्या बंदाला दुकानाची चिठ्ठी लटकत होती. लेव्हलमामा तिचे पट्टे ओढून बघत होते, जणू काही त्यांचं सगळं लक्ष पट्ट्यांतच होतं.

"गुडघे बरे आहेत सध्या," ते म्हणाले.

"बरे आहेत? कधीपासून? मागच्या महिन्यात मी म्हटलं, आता तरी माझ्या घरात फरशी घाला, तेव्हा कामातून गेले होते ते. मांडी घालता येत नव्हती. जिन्याचा कठडा धरून उतरत होतात. आणि आता डोंगरावरच्या चारशे पायऱ्या चढायला निघालेत! खांद्यावर बिऱ्हाड घेऊन! परक्या मुलखात!"

"चारशे बारा," लेक म्हणाली.

"तू तर बोलूच नकोस. तुला मैत्रीण सापडत नव्हती का बरोबर न्यायला?"

"तिचं लग्न ठरलं. आणि मी आधी तुलाच विचारलं होतं, आई. तू काय म्हणालीस? दगड बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, घरात एक आहे तेवढा पुरे."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती पटकन आत वळली. हसू लपवायला तिच्याकडे तेवढी एकच जागा होती.

"आई, तू कशाला घसा कोरडा करतेस?" मुलगा म्हणाला. "मी माणूस सांगून ठेवलाय. मोठ्या चकचकीत टाइल्स, मशीनवर कापून आणतात. तीन दिवसांत चार खोल्या. बाबांनी हातसुद्धा लावायला नको."

"माझ्या घरातल्या फरशीला दुसऱ्याचा हात लागणार नाही," लेव्हलमामा पट्ट्यातून मान वर न काढता म्हणाले.

"झालं! धड स्वतः करायचं नाही, धड दुसऱ्याला करू द्यायचं नाही!" बायकोनं हातातलं फडकं कोब्यावर आपटलं. कोबा जिथे फुटला होता तिथे, म्हणजे कुठेही आपटलं असतं तरी चाललं असतं. "पस्तीस वर्षं. गावभर लोकांच्या घरात आरशासारख्या फरशा घातल्यात तुम्ही. आणि मी पस्तीस वर्षं ह्या भेगांतून खरकटं टोकरून काढतेय. ऐका. एकवीस दिवस जाताय ना? जा. आल्यावर मला काय ते एक सांगा. नाहीतर ह्याच्या माणसाला मी बोलावणार, आणि चहासुद्धा मीच करून पाजणार."

एवढं बोलून ती आत गेली. तिनं आवाज चढवला की घाबरायचं कारण नसे. हे शेवटचं वाक्य मात्र ती हळू बोलली होती.

*

लेव्हलमामा हे नाव त्यांना बांधकामावरच्या लोकांनी दिलं, आणि मग ते घरापर्यंत आलं. त्यांच्या खिशात कायम एक काचेची गोटी असे. कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी गोटी जमिनीवर ठेवायचे आणि ती कुठे जाते ते बघायचे. मुलासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही हेच. गोटी घरंगळत थेट मुलीच्या पायाशी जाऊन थांबली. "घर कलतंय थोडं, पण योग्य बाजूला," असं ते म्हणाले, आणि लग्न ठरलं. सुनेच्या वडिलांनी नंतर कितीतरी दिवस ही गोष्ट लोकांना सांगितली. आधी रागानं, मग कौतुकानं.

चौदाव्या वर्षी स्वतःच्या मामाच्या हाताखाली सिमेंट-वाळूचा माल कालवायला लागले आणि चव्वेचाळीस वर्षं त्यांनी जगाकडे गुडघ्यांवर बसून बघितलं. मामानं त्यांना एकच गोष्ट मनापासून शिकवली होती. "डोळा फसतो. लेव्हल फसते. दोरी सैल पडते. कान फसत नाही." फरशी बसवली की थापीच्या लाकडी मुठीनं ती ठोकायची. खाली माल नीट भरला असेल तर आवाज जाड, बसका येतो. कुठे हवा राहिली असेल तर त्या आवाजाच्या शेवटी एक बारीक शेपूट येते, रिकाम्या डब्यासारखी. शेपूट आली की फरशी उचलायची, पुन्हा माल भरायचा. लेव्हलमामांनी आयुष्यात किती फरशा उचलल्या असतील त्याला गणती नाही. म्हणून त्यांच्या फरशा वीस-वीस वर्षं हलल्या नाहीत.

मग घरात कोबा का? सुरुवातीला वेळ नव्हता. नंतर मनासारखा दगड मिळेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं चाललं होतं, आणि दोघं नवराबायको त्यावर थट्टाही करत. पण गेल्या दोन वर्षांतलं कारण वेगळं होतं, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका वाचनालयाच्या मोठ्या खोलीत फरशी घातली. एकेक ठोकून बघितली. सगळ्या भरीव. चार महिन्यांनी ग्रंथपालाचा फोन आला, की चालताना खडखड वाजतंय. लेव्हलमामा गेले. ग्रंथपालानं हातातल्या पेन्सिलीनं एक फरशी ठोकली, मग शेजारची. "बघा, ही आणि ही. मला यातलं काही कळत नाही, पण फरक मलाही कळतोय."

ग्रंथपालाला कळत होता. लेव्हलमामांना कळत नव्हता. त्यांना दोन्ही वेळा नुसतं 'टक' ऐकू आलं. शेपूट कुठे गेली होती कोण जाणे.

त्यांनी सगळं खापर सिमेंटवर फोडलं. एकोणीस फरशा काढून पुन्हा बसवल्या, तिप्पट माल घालून. घरी आल्यावर एका दुपारी, घरात कोणी नसताना, त्यांनी एक डबा पिठानं भरला, तसलाच एक रिकामा ठेवला, आणि दोन्हींवर बोटाच्या पेरानं ठोकलं. टक. टक. माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, कुकरची शिट्टी ऐकू येत होती, बायकोचा टोमणा तर दोन खोल्यांपलीकडून ऐकू येत होता. फक्त तो शेवटचा एवढासा बारीक आवाज, ज्यावर त्यांनी आयुष्य काढलं, तेवढाच गेला होता.

त्या दिवसापासून त्यांचे गुडघे दुखायला लागले. गुडघ्यांवर सगळ्यांचा विश्वास बसला. फरशीवाल्याचे गुडघे जाणारच! कामं बंद झाली. पण बायको थांबेना. "शेवटची फरशी आपल्या घरात, असं तुम्हीच म्हणाला होतात," ती म्हणे. तिच्या घरात तिच्या पायाखाली पोकळ फरशी बसली, आणि चार महिन्यांनी ती खडखडायला लागली तर? ग्रंथपाल परका होता. ही रोज त्यावरून चालणार.

म्हणून लेकीनं "बाबा, चला माझ्याबरोबर," म्हटलं, तेव्हा ते हो म्हणाले. इतिहास वगैरे काही नाही. एकवीस दिवस पळायला मिळत होते.

*

लेक शाळेत इतिहास शिकवायची आणि तीन वर्षं या प्रवासाची तयारी करत होती. तिकडची मोडकीतोडकी भाषासुद्धा शिकली होती. पहिल्या चार दिवसांतच तिनं बापापुढे हात टेकले.

"बाबा, वर बघा! हे छत रंगवायला सोळा वर्षं लागली!"

"छत बघायला सगळी दुनिया आलीय. मी खालचं बघतो."

खरंच, शंभर माणसं माना मागे टाकून वर बघत असत आणि त्यांच्यामध्ये एक म्हातारा पाठीवर पिशवी घेऊन कमरेत वाकलेला असे. पाठपिशवीनं तोल पुढे जाई. दोनदा लोकांना वाटलं याचं काहीतरी पडलंय, आणि तेही शोधायला लागले.

उतरायचे ते स्वस्तातल्या मुक्कामाच्या जागी, एका खोलीत आठ पलंग, चार खाली, चार वर. सगळी तरणी पोरंपोरी. त्यांनी लेव्हलमामांना खालचा पलंग दिला आणि पहिल्या दिवशी सांभाळून बोलत राहिली. दुसऱ्या सकाळी मामा न्हाणीघरातून बाहेर आले ते भडकलेलेच.

"उतार उलटा आहे. पाणी मोरीकडे जायच्याऐवजी दाराकडे येतंय. गोटी ठेवून बघितली मी."

"बाबा, तुम्ही न्हाणीघरात गोटी घेऊन गेलात?"

"मग काय साबण घेऊन बघू उतार?"

त्या पोरांपैकी एकानं गोटी मागितली, स्वतः ठेवून बघितली आणि मोठ्यानं हसला. दोन दिवस त्या मजल्यावर हाच खेळ चालला होता.

पण सहाव्या दिवशी मामांचं बोलणं कमी झालं. एका जुन्या स्नानगृहाचे अवशेष होते. भिंती कमरेएवढ्या उरल्या होत्या, छप्पर कधीच गेलं होतं. जमीन मात्र शाबूत होती. नखाएवढ्या रंगीत दगडांचे तुकडे एकाला एक लावून केलेली, मासे, लाटा, वेली. पाणी आणि ऊन दोन हजार वर्षं तिच्यावर पडत होतं. दोरी बांधलेली होती, आत जायचं नव्हतं. लेव्हलमामा दोरीपाशी पालथे झोपले आणि गाल जमिनीला टेकून तिरक्या नजरेनं बघत राहिले. लेकीनं घड्याळात बघितलं. अर्धा तास झाला होता.

"बाबा, बरं वाटतंय ना?"

"एकही तुकडा वर आलेला नाही," ते म्हणाले. "एकही नाही. अगं, आमची दोरी हातभर लांबीत सैल पडते." मग जरा वेळानं, "ह्या माणसाचे गुडघे कसे झाले असतील?"

मग ती डोंगरावरची जागा. चारशे बारा पायऱ्या. प्रत्येक पायरी मधोमध झिजून वाडग्यासारखी खोल झाली होती. मामा सुरुवातीला कडेनं चढत होते, जिथे दगडाची धार अजून जिवंत होती. शंभरेक पायऱ्यांवर ते थांबले आणि मधल्या खळग्यात पाय ठेवला. पाय तिथे असा बसला, जसा मापानं करून ठेवावा.

"एका माणसाच्या चालण्यानं दगडाला काही होत नाही," ते म्हणाले. "माझ्या फरशा वीस वर्षं टिकल्या म्हणून मी मिशीला पीळ देत होतो. इथे नुसत्या अनवाणी पायांनी दगड खाल्लाय. किती माणसं आली असतील गं? आणि प्रत्येकाला काहीतरी मागायचं असणार."

"आजोबा असते तर म्हणाले असते, घराण्यातला पहिलाच माणूस आहेस पायऱ्यांशी बोलणारा," लेक म्हणाली. पण तीही मधून चालायला लागली.

बाराव्या दिवशी ते त्या मोठ्या देवालयात पोचले.

बाहेरून बघितल्यावर लेव्हलमामांनी काहीच केलं नाही, नुसते उभे राहिले. आत गेले आणि दारातच बूट काढले.

"बाबा, इथे काढायची गरज नाही. सगळे घालूनच जातात."

"जाऊ देत. मी नाही जाणार."

मोजे काढून बुटात कोंबले, बूट पिशवीला बांधले आणि ते अनवाणी निघाले. आठशे वर्षांची जमीन. काळे आणि पांढरे मोठे दगड, एकेक खाटेएवढा. त्यांनी गोटी काढली आणि ठेवली. ती क्षणभर थांबली, मग इतकी हळू निघाली की वाटावं विचार करून निघाली असावी. दहा पावलांवर बाजूच्या दाराशी जाऊन थांबली.

"धुवायचा उतार," मामा कुजबुजले. "डोळ्याला दिसत नाही, पायाला कळत नाही, फक्त पाण्याला कळतो. असा उतार मी आयुष्यात एकदासुद्धा काढला नाही."

सवयीनं ते वाकले आणि पेरानं दगड ठोकला. टक. दुसरा. टक. कोणी बघत नाही असं बघून तिसरा. टक. त्यांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला.

तेवढ्यात दुपारची घंटा झाली.

घंटा वरच्या बुरुजात होती, पण तिचा आवाज भिंतींतून खाली उतरला आणि जमिनीत शिरला. लेव्हलमामांच्या तळव्यांना तो लागला. दगड थरथरत होता, अगदी बारीक, मांजराला हात लावल्यावर वाटतं तसा. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. तीच थरथर. आणखी एक. तीच. मग पुढच्या काळ्या दगडावर पाय पडला आणि ते जागीच थिजले. तिथली थरथर वेगळी होती. मोठी, मोकळी, खालून श्वास घेतल्यासारखी. त्यांनी पाय मागे घेतला, पुन्हा ठेवला. मग पाठपिशवीसकट गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळहात दगडावर पसरले. घंटेचा शेवटचा ठोका पडून विरेपर्यंत ते हलले नाहीत.

येणारेजाणारे वळसा घालून जात होते. त्यांना वाटलं म्हातारा प्रार्थना करतोय.

लेक धावत आली. "बाबा! गुडघे!"

"मरू देत गुडघे. पोकळ आहे हा."

"कोण?"

"दगड. हा, आणि त्याच्या शेजारचे दोन. खालचा माल गेलाय. अगं, एवढी माणसं येतात, एखाद्या दिवशी फुटला म्हणजे? कोणाला तरी सांग इथल्या. आपल्याला कळलंय आणि आपण न सांगता गेलो तर पाप आहे ते."

तिथे एक पिकल्या केसांची बाई होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिनं अनवाणी माणसाला मघापासून हेरलं होतंच. लेकीनं शरमत, शब्द शोधत तिला सांगितलं, की माझे वडील फरशीचं काम करतात आणि त्यांचं म्हणणं आहे की हे तीन दगड पोकळ आहेत.

किल्लीवाली हसली नाही. तिनं लेव्हलमामांच्या पायांकडे बघितलं. मग एक प्रश्न विचारला.

"ती विचारतेय, तीनच का?"

मामांनी पुन्हा तळहात टेकले. आता घंटा नव्हती. पण कोणीतरी मोठ्या बुटांचा माणूस जवळून गेला आणि तेवढं पुरलं. "तीनच. चौथा अर्धा."

किल्लीवालीनं जुडग्यातली एक किल्ली काढली आणि 'चला' अशी खूण केली.

*

भिंतीतल्या एका बुटक्या दारामागे जिना होता. खाली गार, कोरडी हवा. बाईनं दिवा लावला. डोकं लागेल इतक्या उंचीची लांबट खोली, कडेनं दगडी पेट्या, झाकणं लावलेल्या. आठशे वर्षांपूर्वी हे देवालय बांधताना जी माणसं मेली, त्यांना इथे ठेवलं होतं, असं लेकीनं भाषांतर करून सांगितलं. राजे-बिजे नव्हेत. दगड वाहणारी, चुना कालवणारी.

लेव्हलमामा वर बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच लेकीनं त्यांना वर बघताना बघितलं.

त्यांच्या डोक्यावर तेच तीन दगड होते आणि चौथ्याचा अर्धा. खालून बघितलेले. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी फरशीच्या वर काढली होती. फरशीच्या खाली माणूस उभा राहू शकतो हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. वरून ते दगड लोकांच्या पायांनी लोण्यासारखे गुळगुळीत झाले होते. खालून मात्र छिन्नीचा प्रत्येक घाव जसाच्या तसा होता. कडा ताज्या. जसं काही छिन्नी ठेवून माणूस जेवायला गेलाय.

मामांनी हात वर करून त्या घावांवरून बोटं फिरवली. मग हात बदलला. पुन्हा फिरवली.

"हा डावखुरा होता," ते म्हणाले.

लेकीनं ते सांगितलं. किल्लीवालीनं दिवा जवळ नेला आणि बराच वेळ त्या तिरक्या रेघा बघत राहिली. जन्मभर ती त्यांच्याखाली उभी राहिली होती आणि तिला हे ठाऊक नव्हतं.

"दोन कडांवर ठेवलाय नुसता," मामा पुटपुटत होते. "खाली माल नाही, टेकू नाही, काही नाही. पोकळीवर ठेवलाय. आणि आठशे वर्षं सगळं जग वरून चाललंय. आम्ही पोकळ म्हटलं की उचलून फेकतो. ह्यांना पोकळीवर फरशी घालता येत होती."

मग बाईनं जिन्यातून वर कोणाला तरी हाक मारली. भाऊ होता तिचा. तिनं लेव्हलमामांचा हात धरून मधल्या दगडाखाली उभं केलं आणि त्यांचा तळवा दगडाला चिकटवला. वरून लाकडी मोगरीचा ठोका पडला.

तो आवाज नव्हता. निदान मामांना तो आवाज वाटला नाही. हातातून खांद्यात, खांद्यातून छातीत काहीतरी उतरलं आणि गोल फिरून थांबलं. दुसरा ठोका. तिसरा. त्यांनी डोळे मिटले होते.

किल्लीवाली सांगत होती आणि लेक अडखळत मराठीत आणत होती. "दर वर्षी तपासतात. दगड अखंड असला तर असा घुमतो. तडा गेला तर खोकतो. तिचा बाप वर ठोकायचा, आई खाली उभी राहायची. आता भाऊ आणि ती. वर ठोकणाऱ्याला खालचं कळत नाही, खाली उभं असलेल्याला ठोकता येत नाही. म्हणते, हे एकट्याचं काम कधीच नव्हतं."

"पुन्हा सांग," लेव्हलमामा म्हणाले.

"काय?"

"शेवटचं."

लेकीनं पुन्हा सांगितलं.

बाहेर आल्यावर ते पायरीवर बसून बूट घालत होते. नाडी बांधता बांधता म्हणाले, "मला ऐकू येत नाही गं. पोकळ ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

लेकीनं त्यांच्या पायांकडे बघितलं. "म्हणून गुडघे?"

"म्हणून गुडघे."

"बाबा! अहो, कानाला यंत्र मिळतं!"

"मिळेल. घेईनही. पण ते सगळंच मोठं करणार. तुझ्या आईचा आवाज मला आताच पुरेसा मोठा येतो." मग त्यांनी दुसऱ्या पायाची नाडी आवळली. "घरी तू काही बोलू नकोस. मी बोलेन."

राहिलेले नऊ दिवस त्यांनी जे समोर येईल ते बघितलं. छतंसुद्धा बघितली.

*

घरात शिरले तेव्हा भिंतीला दोन टाइल्स टेकवून ठेवल्या होत्या. मुलाच्या माणसानं नमुना म्हणून पाठवलेल्या. पांढऱ्या, इतक्या चकचकीत की सुनेनं त्यात बघून टिकली सरळ केली.

"वाळलात," बायको म्हणाली. तिच्या बोलण्यात स्वागत एवढंच होतं. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "चढलात त्या पायऱ्या?"

"चढलो."

"चारशे बारा?"

"चारशे बारा."

"म्हणजे गुडघे ठीक आहेत." ती कोब्यावर बसली आणि हात बांधले. "मग आता सांगा."

"आई, त्यांना श्वास तरी घेऊ दे," लेक म्हणाली.

"पस्तीस वर्षं श्वासच घेतायत ते."

"बाबा, उगाच लांबण लावू नका," मुलगा म्हणाला. "मी त्या माणसाला उद्या हो सांगतो. माल बघा ना किती भारी आहे." त्यानं एक टाइल उचलून कोब्यावर आडवी ठेवली.

बायकोनं सहज हात लांब करून बोटाच्या पेरानं ती वाजवली. मग तिरकी धरून पुन्हा वाजवली. नाक मुरडलं. "पत्र्यासारखी वाजतेय. आणि ह्या कोपऱ्यात आत काहीतरी बिनसलंय हिच्या. बाजारातला माठ असता तर मी परत केला असता."

मुलानं कोपरा उजेडात धरला. केसाएवढी चीर होती.

बाजारातून आजवर तिनं वाजवून आणलेला एकही माठ गळला नव्हता. लेव्हलमामांना हे संसार सुरू झाल्यापासून माहीत होतं. तिला घेऊन माठवाल्याकडे गेलं की तो हात जोडायचा, कारण ती अख्खी रांग वाजवून एक उचलायची. पस्तीस वर्षं ते शेजारी पिशवी धरून उभे राहिले होते आणि कंटाळले होते. ते तिच्या त्या पेराकडे बघत राहिले. मधल्या बोटाचं पेर, भांडी घासून जाड झालेलं.

त्यांनी पाठपिशवी खाली उतरवली. तांब्यातलं पाणी संपवलं. खिशातून गोटी काढून कोब्यावर ठेवली. ती लगबगीनं भेगेत गेली आणि अडकली.

"सोमवारी कोबा फोडायचा," ते म्हणाले. "आधी स्वयंपाकघर, मग बाहेरची खोली. दगड मी उद्या बघून येतो. ह्या टाइल्स परत पाठवा आणि त्या माणसाला नको म्हणून सांगा. माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही, कधीच झालेलं नव्हतं. मला पोकळ ऐकू येत नाही, दोन वर्षं झाली. फरशी मी घालणार. ठोकून बघायचं काम हिचं. ही काढा म्हणाली की काढायची."